खड्यांचं दार

त्या डोंगरावरचे उंदीर घारीला घाबरायचे. एवढे घाबरायचे, की साधा ढग हलला तरी त्यांच्या मिशा थरथरायच्या.

कातळाच्या फटीफटीत त्यांची बिळं. सगळ्यात उंच दगडावर टवकार नावाचा म्हातारा उंदीर बसायचा. काम एकच, आभाळाकडे बघायचं. घार दिसली की तो मागच्या पायाने दगडावर ठोके द्यायचा. ठोके ऐकले की प्रत्येकाने आत पळायचं आणि आपल्या दाराला एक खडा लावायचा. कुणी बाहेर राहिला, तर त्याच्या दाराला शेजाऱ्याने लावायचा. लावलेला खडा काढायचा नाही. काढला तर घारीला कळतं म्हणे. तिला कोण सांगतं, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

पुढे टवकारला नीट दिसेना. मग तो कावळ्याला ठोके द्यायला लागला, पाचोळ्याला द्यायला लागला. एकदा तर स्वतःच्या नाकावर बसलेल्या माशीला दिले. खडे मात्र दर वेळी लागले. बिळांची मागची दारं कधीच बुजली होती. पुढची बारीक होत गेली, आणि उंदीर एकमेकांना सांगायचे, “बघ, कसलं मजबूत झालंय!”

भुरी नावाच्या उंदरिणीला पाच पिल्लं झाली. लालबुंद, डोळे मिटलेली. दूध यायला तिला गवताचं बी लागायचं, आणि बी तर बाहेर. रोज पोट आत ओढून, कातडी खरचटून ती दारातून निघायची. शेवटी तिने विचारलं, “टवकारआजोबा, दोन खडे काढू का? पिल्लं मोठी झाली की परत लावते.”

टवकार आभाळाकडेच बघत राहिला.

“काढ की,” शेजारची कुरतडी खेकसली. “आणि घारीला जेवायलाही बोलाव! तुझ्यापायी आम्ही मरायचं काय गं?”

भुरी पोट आत ओढून परत पिल्लांकडे गेली.

त्याच दुपारी ती बी वेचत होती आणि ठोके वाजले. ती जीव तोडून पळत आली. पण कुरतडीने शेजारधर्म पाळला होता. भुरीच्या दाराला नवा खडा लागला होता. तिचं डोकं आत गेलं, खांदे अडकले. आत पिल्लं चीं चीं करत होती.

मागे गवत सळसळलं. बोटाएवढा बारीक साप वास काढत येत होता.

“आजोबा, साप!”

“माझं काम वरचं गं,” मान खाली न करता टवकार म्हणाला.

भुरी खडे उकरायला लागली. ते गच्च बसले होते.

“भुरे, खडा पाडशील हं!” कुरतडी आतून ओरडली.

साप अगदी जवळ आला तशी भुरी बाजूला उडाली. सापाने दारापाशी जीभ फिरवली आणि तो आत गेला. पार शेपटीच्या टोकापर्यंत. एकही खडा हलला नाही.

वरून एक ढग चालला होता. टवकारने ठोके दिले.

कुरतडीने आपल्या दारातून पंजा लांब केला आणि भुरीच्या दाराला खडा लावला.