चार नख्यांचा आकडा

विहिरींवर रहाट कुरकुरायचे, त्या काळातली गोष्ट. ओसाड पडलेल्या एका वस्तीच्या मातीत यसाजी लोहाराला चार नख्यांचा गंजका आकडा सापडला. हे काय असेल, ते काही त्याला उमगेना. "भट्टीत घालू, खिळे तरी होतील," म्हणत त्यानं तो ऐरणीपाशी टाकला.

"कोण रे तू?" हातोड्यानं खिजवलं. "विंचू का खेकडा?"

"नाव विसरलो, दादा. आठवतं एवढंच, की मी ओला होऊन वर आलो की बायका हसायच्या."

ऐरणीलाही हसू आवरेना. तिकडं भाता फुगायला लागला, तसा आकडा धास्तावला.

तोच लोहारीण तुळसा धावत आली. "अहो, दोर तुटला! माझी माहेरची कळशी विहिरीत गेली!" तिनं रागानं हातातला तुटका दोर फेकला, तो नेमका नख्यांत अडकला. यसाजी सोडवायला गेला, तर सुटेना. तसा तो थबकला.

"अगं, हा तर गळ! बुडालेली भांडी काढायचा!"

गळ! हेच ते नाव. नव्या दोराला बांधून त्याला विहिरीत सोडलं. काळ्याशार पाण्यात चाचपडता चाचपडता नखी कळशीच्या काठाला लागली. कळशी वर आली, तशी तुळसा खुदकन हसली.

तेव्हा कुठं गळाचा जीव भांड्यात पडला.