घाण्याची पळी

"मग तेल गेलं कुठं, अप्पा?"

मन्मथनं रिकामी चरवी उपडी करून दाखवली. थेंबसुद्धा पडला नाही.

मठाचे स्वामी संगय्या अप्पा ओट्यावर बसून करडईतले खडे निवडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"किती घाणे काढलास?"

"तीन. छत्तीस किलो करडई. लाटेचा कोन मी स्वतः मोजला. पट्टा ताणून बसवला. इंजिन चालतंय. पेंडसुद्धा होतेय. फक्त तेल येत नाही."

"हं…"

अप्पांनी एक खडा अंगणात टाकला.

मन्मथला घाम फुटला होता, आणि तो काही फाल्गुनातल्या उन्हाचा नव्हता. आज मठाच्या मूळ स्वामींच्या समाधीचा दिवस होता. तीन महिने तो याच दिवसाची वाट बघत होता.

कारळवाडीचा मठ लहान. पण त्याला स्वतःचा तेलघाणा आहे, आणि गावाला त्याचा फार अभिमान. घाण्याचं उखळ म्हणजे एका चिंचेचा अख्खा बुंधा, अर्धा जमिनीत गाडलेला. त्यात जाड लाकडी लाट फिरते आणि करडई चेपते. आधी ती बैल फिरवायचा. मग शंभरएक वर्षांपूर्वी तेव्हाच्या स्वामींनी बारा बैलांच्या गाड्यावर घालून एक इंजिन आणलं. काळं, बुटकं, माणसाच्या छातीएवढ्या चाकाचं. बायका हळदकुंकू घेऊन त्याची पूजा करायला गेल्या आणि पहिला धडाका ऐकून ताट टाकून पळाल्या, असं अजून सांगतात. नवरेही मागोमाग पळाले, हे मात्र कुणी सांगत नाही.

अठरा वर्षांपूर्वी घाणेकरी काशलिंग वारले. घाणा तेव्हापासून बंद. समाधीपुढचा नंदादीप दुकानातल्या डब्यावर जळू लागला.

मन्मथ पुण्याहून आला तो थेट अप्पांच्या पायाशी. मोठ्या कारखान्यातला इंजिनियर. नोकरी सोडून आलेला.

"नाव?" अप्पांनी विचारलं होतं.

"मन्मथ."

"कुणाचा?"

"कुणाचाच नाही, अप्पा. जे काही झालो ते स्वतःच्या बळावर. आता तेही धुऊन टाकलंय. अगदी कोरा होऊन आलोय. मला दीक्षा द्या."

अप्पांनी घाण्याच्या खोलीकडे बोट केलं होतं.

"घाणा बंद हाय," ते म्हणाले होते. "समाधीच्या दिवशी आपल्या घाण्याचं तेल दिव्यात पडू दे. मग दीक्षेचं बघू."

आता हे ऐकून एखादा चिडला असता. मन्मथ खूश झाला. यंत्राचं काम म्हणजे त्याच्या हातचा मळ!

आणि इंजिन त्यानं खरोखर एका दिवसात सुरू केलं. त्या जातीच्या इंजिनाच्या डोक्यावर बिडाचा गोळा असतो. तो फुरफुरत्या दिव्यानं लाल होईपर्यंत तापवायचा, मग चाक पुढं नाही, मागं ढकलायचं. धाडकन उलटा झटका बसतो आणि इंजिन सुलटं धावू लागतं. गावातल्या एकालाही हे ठाऊक नव्हतं.

"हे कुणी शिकवलं रे?" अप्पांनी तेव्हा विचारलं होतं.

"कुणी नाही. यंत्र बघितलं की कळतं मला."

अर्ध्या तासानं इंजिनानं काळा धूर ओकायला सुरुवात केली होती. अप्पांनी धुराकडे बोट दाखवलं.

"जुनं आहे, अप्पा. चालायचंच."

तर असा हा मन्मथ आज उपडी चरवी घेऊन उभा होता.

अप्पा उठले. चिपळ्यांसारखे वाजणारे गुडघे सांभाळत घाण्याच्या खोलीत आले. वाकले. उखळात हात घालून आतून फिरवला.

हात तसाच थांबला…

"हे धुतलास?"

"धुतलं ना!" मन्मथचा चेहरा उजळला. कुणीतरी विचारलं एकदाचं. "तीन दिवस लागले. काय तो काळा थर होता, अप्पा! बोटभर जाड. आधी उकळतं पाणी आणि सोडा. मग खरवडलं. मग पॉलिश पेपर मारला. बघा, लाकडाचा मूळ रंग आलाय. वरची कौलं काढून सहा उन्हं दिली."

अप्पांनी हात बाहेर काढला. कोरडा ठणठणीत.

दारात नीलाबाई उभी होती. काशलिंग घाणेकऱ्यांची बायको. आज आपल्या घाण्याचं तेल दिव्यात पडणार म्हणून ती नवं लुगडं नेसून आली होती. तिनं पुढं होऊन उखळाच्या काठावर हात ठेवला.

"आवं, ह्याचं काळं कुटं गेलं?"

"घाण होती ती, मावशी. काढून टाकली."

नीलाबाईनं तोंडाला पदर लावला. तिथंच भिंतीला टेकून बसली.

"लेकरा… घाण नव्हती रे ती. पळी होती."

मन्मथला काही उमगेना. तो अप्पांकडे बघू लागला. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. शेवटी नीलाबाईनंच सांगितलं.

"ज्याची करडई, त्यो तेल घरला नेताना एक पळी माघारी ह्याच्यात वतायचा. घाण्याची पळी. पणजोबापसून चालत आलंतं. आमचे मालक तर वतल्याबिगर कुणाला उंबरा वलांडू देत नव्हते. त्ये चाळीस वर्सं ह्येला हातानं चोळत व्हते. लाकूड पोटभर पेलेलं आसंल तरच करडईचं तेल भायेर सोडतंय. तान्हेलं आसंल तर कुटून सोडावं त्यानं?"

मन्मथनं उखळात पाहिलं. गुळगुळीत, फिकट, कोरं लाकूड. तीन दिवस पॉलिश पेपर घासताना तो शीळ घालत होता, हे त्याला आठवलं. आणि कधी नव्हे ती त्याला स्वतःची लाज वाटली.

"अप्पा…" तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं."

"इचारलास कुणाला?"

मन्मथनं चरवी खाली ठेवली.

अप्पा पुन्हा वाकले आणि काठाशी नख टेकवून दाखवलं. केसाएवढी एक चीर. सकाळी नव्हती. उन्हानं आणि कोरड्या घासण्यानं लाकूड तडकू लागलं होतं. शंभर दीडशे वर्षं टिकलेलं उखळ संध्याकाळपर्यंत फुटून त्याची दोन शकलं झाली असती.

अप्पा तडक समाधीपाशी गेले. नंदादीप जळत होता. त्यांनी हात जोडले, वात चिमटीत धरून दिवा शांत केला आणि तेलानं भरलेली समई उचलून घाण्याकडे आणली.

"अप्पा! आज समाधीचा दिवस! दिवा…"

"दिवा उद्याबी लागंल. लाकूड फुटलं तर पुन्ना सांधत नाही."

आणि त्यांनी समईतलं सगळं तेल उखळात ओतलं.

ते खाली पोचलंच नाही. बाजूच्या लाकडानं मध्येच गिळून टाकलं.

ज्याच्यातून तेल काढायचं त्याच्यात स्वामींनीच तेल ओतलं, ही बातमी गावात कशी गेली देव जाणे. नीलाबाई उठून घरी गेली आणि वाटीभर तेल घेऊन परत आली.

"ही आमच्या मालकांची," ती म्हणाली आणि ओतली.

मग शेजारची आली. "ही आमच्या सासूबाईंची. बाळंतपणात ह्याच घाण्याचं तेल लावत व्हत्या मला."

मग एक म्हातारे पैलवान आले. "आमच्या वस्तादांची."

दुपारपर्यंत रीघ लागली. कुणी वाटी, कुणी लोटी, कुणी नुसती पळी. दुकानाचं तेल, शेंगदाण्याचं, करडईचं, जे घरात होतं ते. प्रत्येक जण एक नाव घ्यायचा आणि ओतायचा. मन्मथ उखळाशी गुडघे टेकून बसला होता आणि फडक्यानं ते तेल लाकडात चोळत होता. अप्पांनी त्याला तसं सांगितलं नव्हतं. दुसरं काही करायला त्याचे हात धजत नव्हते, एवढंच.

लोक पांगले. खोलीत दोघंच उरले.

"तुझी पळी?" अप्पांनी विचारलं.

"माझ्याकडे काय आहे, अप्पा? मी कोरा आलो."

"इंजिनाचा गोळा तापवायचा, हे कोरं आसताना समजलं व्हय?"

मन्मथचं फडकं थांबलं.

"चाक माघारी ढकलायचं… हे?"

बाहेर एक चिमणी पेंडीवर चोच मारत होती.

"वडिलांनी," मन्मथ म्हणाला. तीन महिन्यांत हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता. "वीरभद्र शेटकार. लातूरला तेलाच्या गिरणीत फिटर होते. शनिवारी शाळा सुटली की मला गिरणीत न्यायचे. माझा हात चाकावर ठेवायचे आणि वर स्वतःचा. उलटा झटका बसला तर त्यांच्या हाताला बसावा म्हणून."

"हायती?"

"आहेत."

"मग?"

"चार वर्षांपूर्वी पुण्यात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, सगळं. मी भाषणात म्हणालो, मला कुणी शिकवलं नाही, मी स्वतः घडलो. टाळ्या पडल्या… ते पहिल्या रांगेत होते. न जेवता उठले. एसटीनं परत गेले. मी थांबवलं नाही. नंतर बोललोही नाही."

त्याचे डोळे भरून आले होते. तेलकट हातानं पुसायला गेला आणि ते आणखीच झोंबले.

अप्पांनी तळाशी दोन थेंब उरलेली एक वाटी त्याच्यापुढं सरकवली.

मन्मथनं ती ओतली. नाव घेतलं, पण ते उखळालाच ऐकू गेलं असेल.

समाधीपुढं त्या दिवशी दिवा लागला नाही. गावात कुणालाही त्याचं वाईट वाटलं नाही, हे सांगितलं पाहिजे.

पुढं दहा दिवस मन्मथ सकाळ-संध्याकाळ उखळाला तेल चोळत होता. चीर वाढली नाही. अकराव्या दिवशी सकाळी त्यानं गोळा तापवला, चाक मागं ढकललं आणि करडईचा घाणा टाकला. लाट कुरकुरत फिरू लागली. नीलाबाई चरवी धरून बसली. अर्धा तास गेला… इंजिनानं नेहमीप्रमाणं काळा धूर सोडला… आणि उखळाच्या भोकातून सोनेरी धार लागली.

नीलाबाई रडली आणि हसली, दोन्ही एकदम. चरवी भरली. मन्मथ ती घेऊन उंबऱ्यापर्यंत गेला, थबकला, परत आला. एक पळी उखळात ओतली. मग समाधीपाशी जाऊन त्या तेलाचा दिवा लावला.

आणि अप्पांच्या पायावर डोकं ठेवलं.

"अप्पा, तुमचे फार उपकार झाले. या गावाचे झाले. आता मला दीक्षा द्या."

अप्पांनी त्याच्या केसांना लागलेली पेंड झटकली. मग कोनाड्यातून एक बाटली काढली, चरवीतलं तेल तिच्यात भरलं, बूच दाबून बसवलं आणि त्याच्या हातात दिली.

"लातूरची गाडी साडेनऊला हाय."

मन्मथनं बाटली दोन्ही हातांत धरली. पाय मात्र हलेनात.

"अप्पा, चार वर्षं झाली. दार उघडतील की नाही… आणि उघडलं तर मी बोलू काय?"

अप्पा इंजिनाकडे बघत होते. ते धडधडत होतं, वर काळा धूर चढत होता.

"ह्यो धूर काळा का येतोय," अप्पा म्हणाले, "तेवढं इचारून ये."