बिनकोयीचं सप्ताळू

राजे धैर्यशील यांचा दात तुटला आणि शिक्षा झाली सटवाजीच्या बागेला!

आता ज्याला सगळे पीच म्हणतात, ते सप्ताळू सटवाजीच्या डोंगरउतारावर पिकत असे. राजेसाहेबांनी ते अधाशासारखं कचकन चावलं आणि दात आतल्या कोयीवर आपटला. आपला खादाडपणा राजे थोडेच कबूल करतात!

"पुढच्या हंगामात याच झाडांचं बिनकोयीचं फळ हजर करा," त्यांनी फर्मावलं. "सालीला चीर दिसता कामा नये. नाहीतर सगळी बाग तोडू!"

"वाहवा, काय न्याय!" प्रधान गुंडोपंत म्हणाले. राजे शिंकले तरी ते वाहवा करत.

सटवाजीने हाय खाल्ली. डोक्यावरून पाणी वाहून त्याने ती झाडं जगवली होती. त्याची मुलगी हौसा मात्र भडकली.

"हाव त्यांची, दात त्यांचा, आन् कुऱ्हाड आपल्या झाडांवर व्हय?"

"हळू बोल, पोरी! असलं फळ आणायचं कुठनं?"

थंडी सरली. झाडांना सुपारीएवढी हिरवी फळं लगडली आणि घरातली सगळी माणसं विरळणीला लागली. दाटीतली बरीच फळं तोडून टाकली, की राहिलेली चांगली पोसतात. तोडता तोडता एक फळ हौसाच्या बोटांत चिरडलं. तिने आत पाहिलं आणि ती खुदकन हसली.

"बाबा, ही तोडलेली फळं खड्ड्यात टाकू नगा! टोपलीत भरा!"

दुसऱ्या दिवशी ती दरबारात उभी राहिली.

"फळ त्याच झाडांचं हाय, सरकार. सालीला चीर न्हाई. कोय निघाली तर खुशाल बाग तोडा!"

राजांनी धास्तीने टोपली आधी प्रधानांकडे सरकवली. गुंडोपंतांनी एक फळ चावलं. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला, पण जीभ सवयीने चालली.

"वाहवा! अमृत, सरकार! आणि कोय नावालाही नाही!"

मग राजांनी मोठ्या विश्वासाने दोन फळं एकदम तोंडात टाकली.

"थू! थू! हे फळ आहे की औषध?"

"कोवळं हाय, सरकार. बाळकैरीत कुठं टणक कोय असते? तसंच हे. कोय टणक झाल्याबिगर फळात गोडी भरत न्हाई. तुमाला कोय नको होती, मी न्हाई आणली. गोडीचं तुमी बोललाच न्हाई!"

"मग आता बोलतो! आम्हाला बिनकोयीचं आणि गोड हवं!"

"ते तर याच टोपलीत हाय की! प्रधानजी आत्ता अमृत म्हणाले. खरं असंल, तर तुमचं फर्मान पुरं झालं, उरलेली टोपली त्यांनी हितंच संपवावी. खोटं असंल, तर आजवर कशाकशाला अमृत म्हणाले ते सरकारांनीच इचारावं!"

गुंडोपंतांनी राजांकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं आणि हळूच आणखी एक फळ उचललं.

"अ... अमृत!"

राजे पोट धरधरून हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"या पोरीच्या बागेला कुणी हात लावायचा नाही!" ते कसेबसे म्हणाले. "आमच्या तळ्याचा पाट उद्यापासून आधी हिच्या झाडांना! आणि टोपली रिकामी होईपर्यंत प्रधानजींना जागचं उठू देऊ नका!"