टिटवीची काळजी

एका उघड्या माळरानावर, जिथे तळ्याकाठची एक बोर सोडली तर सावलीचे नाव नव्हते, तिथे एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. जमिनीवरच खळगा करते आणि खड्यांच्या रंगाची अंडी खड्यांतच घालते. मग ती दचकणार नाही तर काय! पान सळसळले की उडे, ढगाची सावली सरकली की उडे, आणि वर घिरट्या घालत ओरडे, "आता काय होईल? माझ्या अंड्यांचे काय होईल?"

बोरीखाली धुळीत लोळणाऱ्या साळुंकीला मोठी गंमत वाटे. "टिटवीबाई, आज पाय वर करून झोपा हो, आभाळ पडणार आहे म्हणे, पायांवर झेलायला हवे!" मग हसून म्हणे, "अग, काळजी करू नकोस. जरा मजा कर!" टिटवी बिचारी मनापासून प्रयत्न करी. एकदा तर धुळीत लोळूनही पाहिले. पण काळजी करायची नाही हे आपण विसरलो तर, अशी तिला नवीच काळजी लागली.

तळ्यातले म्हातारे कासव हे सारे बघत होते. ते म्हणाले, "पोरी, तू काळजी करतेस की घेतेस?"

टिटवी दचकली. "दोन्ही एकच ना, आजोबा?"

"करतेस तेव्हा तू कुठे असतेस?"

"वर. आभाळात."

"आणि अंडी?"

टिटवीने वळून पाहिले. अंडी भर उन्हात उघडी पडली होती. ती धावत पाण्यात शिरली, पोटाची पिसे भिजवली आणि तापलेल्या अंड्यांवर जाऊन बसली.

तेवढ्यात धूळ उडाली. म्हशींचा कळप पाण्यावर निघाला होता. नेहमीच्या वाटेवर बोरीची काटेरी फांदी मोडून पडलेली, म्हणून म्हशी आज थेट खळग्याच्या दिशेने येत होत्या. "उड ग, उड!" साळुंकी ओरडून केव्हाच पसार झाली. टिटवीचेही पंख आपोआप उघडले. पण पाय तिने जमिनीवरच ठेवले आणि पसरलेल्या पंखांनिशी ती अंड्यांपुढे उभी राहून किंचाळू लागली.

पुढची म्हैस थबकली. "अगबाई! एवढीशी तू, अंगावर काय येतेस?"

"म्हैसताई, इथे माझी अंडी आहेत!"

"कुठे? मला तर नुसते खडे दिसताहेत."

"खडेच दिसतात, म्हणून तर मी उभी आहे!"

म्हशीने फुरफुर केली, मान वळवली आणि खळग्याला वळसा घालून गेली. तिच्यामागून सगळा कळपही तसाच गेला.

साळुंकी हळूच परत आली. "तुला भीती नाही वाटली ग?"

"वाटली तर! अजूनही वाटतेय," टिटवी म्हणाली. इतक्यात बोरीचे एक पान सळसळले. ती दचकली. पण उडाली नाही. पिसे फुगवून अंड्यांवर आणखी थोडी सरकून बसली.

तात्पर्य : काळजी सुटत नसेल तर तिचे क्रियापद बदलावे, काळजी करणारा नुसता दमतो, काळजी घेणारा आपले माणूस जपतो.