न ऐकता केलेली सही

एकदा एका वृद्ध कारागिराच्या दारात एक लांबलचक मोटार येऊन थांबली आणि तिच्यातून त्याचा जुना शिष्य उतरला. गल्ली तंतुवाद्यांची होती आणि अरुंद होती. मोटारीसाठी दोन सायकली आणि एक वाळत घातलेला भोपळा बाजूला करावा लागला.

हा वृद्ध तानपुऱ्याला जवारी लावत असे. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तानपुऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानसेने किंचित घासायचा, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवायचा, आणि तो दोरा नेमक्या जागी आला की मुकी तार बोलू लागते. ती जागा मोजपट्टीने सापडत नाही, कानानेच सापडते. या माणसाने पन्नास वर्षं ती जागा शोधली. भले भले गायक त्याच्या ओट्यावर मांडी घालून वाट पाहत बसत. सगळे त्याला चाचा म्हणत.

चाचांच्या दुकानात एक शिरस्ता होता. प्रत्येक तानपुऱ्याच्या किमतीची चिठ्ठी त्याच्या भोपळ्याखाली पालथी ठेवलेली असे. आधी ऐकायचं, पसंत-नापसंत ठरवायचं, मग चिठ्ठी उलटायची. गिऱ्हाइकाला हाच नियम आणि शिष्यालाही हाच. कोणी आल्या आल्या किंमत विचारली, तर चाचा तानपुरा पुन्हा भिंतीला टेकवत आणि चहा मागवत. चहा प्यायचा आणि निघायचं, असा त्याचा अर्थ होता. शिष्याने या शिरस्त्यात अकरा वर्षं काढली. त्याचा कान तयार झाला, आणि तयार कानाला शहरात भाव येतो, तसा तो आला.

शहरातला एक व्यापारी घरी गाणं ऐकण्याचे उंची स्पीकर विकत असे. दालनात पाऊल रुतेल असे गालिचे, भिंतींना लाकडी पट्ट्या, आणि मधोमध माणसाच्या उंचीची सोळा लाखांची जोडी. शिष्य तिथे सल्लागार झाला. गिऱ्हाइकाच्या शेजारी बसायचं, डोळे मिटायचे, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मग मत द्यायचं, हे त्याचं काम. आठ वर्षांत त्याचं मत एकदाही स्वस्त जोडीकडे झुकलं नव्हतं. मला असल्या सल्लागारांचा मनस्वी राग आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या बोलण्यात कडवटपणा आला तर वाचकांना नवल वाटणार नाही. या माणसाला फरक ऐकू येत नव्हता असं असतं, तर मी त्याला क्षमा केली असती. त्याला तो चांगला ऐकू येत होता.

त्या दिवशी व्यापारीही बरोबर आला होता. त्याने चाचांच्या पायांना हात लावला आणि थेट कामाचं बोलला.

"चाचा, तुमचं एक पत्र हवं होतं. ही सोळा लाखांची जोडी आवाजाला सर्वात खरी आहे, एवढं तुमच्या सहीने मिळालं की झालं. तुम्हाला दालनात घेऊन जायला गाडी आणली आहे. दोन्ही जोड्या ऐका आणि मग सही करा."

"दोन्ही म्हणजे?"

"दुसरी एक साधी जोडी आहे, ऐंशी हजारांची. तुलनेला ठेवतो आम्ही. आता तुम्हीच सांगा, सोळा लाख कोणी उगाच लावतं का?"

चाचांनी शिष्याकडे पाहिलं. "पत्र कोणासाठी?"

शिष्याने सांगितलं. एक निवृत्त कंपाउंडर होते. एकटेच असत. पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली होती. ती गात असे. मैफली वगैरे नाहीत, भजनी मंडळात आणि घरी. तिच्या आवाजाची एकच कॅसेट त्यांच्याकडे होती. ती कॅसेट घेऊन ते दालनात आले होते. आयुष्यभराची शिल्लक मोडायची त्यांची तयारी होती. त्यांचं मागणं एवढंच होतं, की ती घरात बोलायची तशी ऐकू आली पाहिजे.

"मग दोन्ही ऐकवल्यास?"

"ऐकवल्या."

"काय झालं?"

शिष्य अडखळला. मग व्यापाऱ्याकडे न बघता त्याने जे झालं ते सांगितलं. कॅसेटच्या सुरुवातीला ती बाई खोकते, आणि टेप सुरू करणाऱ्या नवऱ्याला विचारते, "चालू झालं का?" मग गाऊ लागते. आवाज जरासा नाकातला, खालच्या सुरांना थोडी खर, घोगरी किनार. लहान जोडीवर तिने "चालू झालं का?" विचारलं आणि कंपाउंडर पटकन म्हणाले, "हो, म्हण." म्हणाले आणि स्वतःच दचकले. मोठ्या जोडीवर तोच आवाज भरदार झाला, दालनभर पसरला, खर कुठे गेली ते कळलं नाही. तिने तेच विचारलं. या वेळी ते हात जोडून ताठ बसून राहिले, एखाद्या समारंभात बसावं तसे.

"आणि तुला विचारलं असेल त्यांनी."

"विचारलं."

"तू काय सांगितलंस?"

उत्तर व्यापाऱ्याने दिलं. "यांनी मोठीच सांगितली. पण काका घुटमळले. म्हणाले, माझ्या बायकोच्या तानपुऱ्याला चाचाच जवारी लावायचे. चाचा म्हणत असतील तर घेतो."

"नाव काय तिचं?" चाचांनी विचारलं.

"शरयू."

चाचांच्या हातातली कानस थांबली. क्षणभराने त्यांनी ती खाली ठेवली, कोनाड्यातून एक कोरा कागद काढला आणि मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं की सोळा लाखांची जोडी आवाजाला सर्वात खरी आहे. खाली सही केली. कागद व्यापाऱ्याकडे न देता शिष्याच्या हातात ठेवला.

व्यापारी आनंदला. दालनात जाण्याचा त्रासही वाचला होता. त्याने पुन्हा पायांना हात लावला आणि फोनवर बोलत मोटारीकडे गेला.

शिष्य मात्र जागचा हलला नाही. ज्या माणसाने किंमत आधी विचारणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावलं, त्याने न ऐकता, नुसत्या किमतीवर सही केली होती.

"चाचा, हे काय केलंत? ऐकलं तरी असतंत."

चाचांनी शेजारचा तानपुरा ओढून घेतला. त्याच्या भोपळ्याला आपला जबडा टेकवला आणि तार छेडली. बराच वेळ ते तसेच राहिले. मग म्हणाले, "मला हल्ली असं ऐकू येतं. हाडातून. कानांनी सहा वर्षांपूर्वीच हात टेकले. तुमचं बोलणं ओठांवरून समजतं. तारेचं कळत नाही. अशीच जवारी लावतो. कधी जमते, बहुधा जमत नाही."

"कोणाला सांगितलं नाहीत?"

"सांगणार होतो. पहिला तानपुरा परत आला की सांगायचं असं ठरवलं होतं. आला नाही. सहा वर्षांत एकही तानपुरा परत आला नाही. मोठमोठे लोक घेऊन गेले, वा वा म्हणाले. गेल्या दसऱ्याला तूही या ओट्यावर बसून म्हणालास, चाचा, काय मोकळा सूर आहे. तो तानपुरा लाकडाच्या ठोकळ्यासारखा मुका होता, तेवढं माझ्या हाडालाही कळलं होतं. तुला कळलं नाही असं मला वाटत नाही. तुला ते कळलं, आणि मग तुला माझं नाव आठवलं. चिठ्ठीवर आकडाच असतो असं नाही, बाळा. नावही असतं."

शिष्याने मान खाली घातली.

"महाग ते वाईट असं मी म्हणत नाही. उत्तम तानपुरा महाग असतोच पुष्कळदा. पण ते त्याच्या तारेनं सांगायचं असतं. चिठ्ठी आधी वाचली की ऐकणारा तारेला विचारतच नाही. आणि पुढचं जे होतं, ते त्याहून वाईट." ते थांबले. "ही शरयू. तिच्या तानपुऱ्याची शेवटची जवारी मी लावली, कान गेल्यावर. महिन्याभराने ती आली. तानपुरा नव्हता आणला, पेढे आणले होते, नातू झाला म्हणून. जाताना म्हणाली, चाचा, तुमची जवारी नेहमीसारखी छान, पण हल्ली माझाच सूर लागत नाही. वय झालं. गाणं बंद करते आता. आणि मी पेढा खाल्ला."

बाहेर व्यापाऱ्याने हॉर्न वाजवला. चाचांना तो ऐकू आला नाही.

"पत्र तुझ्या हातात आहे," ते म्हणाले. "फाडलंस तर नोकरी जाईल. दिलंस तर काही होणार नाही. काहीच होत नाही. मी सहा वर्षं बघतोय."

इथे चाचांना थोर म्हणण्याची प्रथा आहे. मला ते जमत नाही. जे आपल्याच्याने झालं नाही ते शिष्याच्या हातात ठेवून मोकळं व्हायचं, हा म्हाताऱ्यांचा जुना मार्ग आहे, आणि त्याला आपण शिकवण म्हणतो. पण म्हाताऱ्याने खरं ते सांगितलं होतं, आणि ऐकणाऱ्याचे कान शाबूत होते.

मोटारीत गारवा होता. गल्ली ओलांडली तेव्हा व्यापाऱ्याने फोनवर बोलता बोलताच हात पुढे केला आणि शिष्याने पत्र त्या हातावर ठेवलं. त्याला कोणी धमकावलं नाही. त्याने पत्र फाडण्याचा विचार केला होता, तो विचार मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत टिकला नाही.

चार महिने गेले. चाचा म्हणाले होते तसंच झालं, म्हणजे काहीच झालं नाही. कंपाउंडरांकडून तक्रार आली नाही. हे तक्रार न येणंच शिष्याला खाऊ लागलं. एका रविवारी सकाळी तो विचारत विचारत त्यांच्या घरी गेला.

दोन खोल्यांचं घर होतं. माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर बाहेरच्या खोलीत मावत नव्हते. एकामुळे कपाटाचं दार अर्धंच उघडत होतं. कॉट हलवून स्वयंपाकघरात नेली होती. भिंतीवर पत्नीच्या तसबिरीशेजारी चाचांचं पत्र काच लावून टांगलं होतं. कोपऱ्यात तिचा तानपुरा गवसणीत उभा होता.

"या, या," कंपाउंडर म्हणाले. "तुम्ही आलात, बरं झालं. चहा टाकतो."

"काका, बसा. चहा नको. मी एक सांगायला आलोय." शिष्याने वाटेत शब्द जुळवले होते, ते सगळे विसरला. "ही जोडी चांगली नाही. म्हणजे चांगली असेल, पण काकूंच्या आवाजाला ती लहानच खरी होती. मला तेव्हाच कळलं होतं. मी खोटं बोललो. ही मी परत न्यायला लावतो. शेठशी भांडेन, माझी नोकरी गेली तरी चालेल."

कंपाउंडरांनी त्याच्याकडे जरा काळजीने पाहिलं, जन्मभर रुग्णांकडे पाहिलं होतं तसं.

"परत कशाला? असं मनाला लावून घेऊ नका. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. ऐकायला बसलो की वाटायचं, ही शरयू नाही. कोणीतरी मोठी बाई गातेय. आठवडाभर झोप नाही. मग विचार केला. सोळा लाखांची वस्तू, वर चाचांची सही. दोष तिच्यात कसा असेल?"

"काका, दोष तिच्यातच आहे. आणि चाचांनी ती ऐकलीसुद्धा नव्हती. चाचांना ऐकू येत नाही."

कंपाउंडर समजुतीने हसले. "तुमचं काही बिनसलेलं दिसतंय त्यांच्याशी. असू द्या. गुरूबद्दल असं बोलू नये." मग ते तसबिरीकडे पाहत म्हणाले, "तीन वर्षं झाली तिला जाऊन. माणूस विसरतो हो. मला वाटायचं तिचा आवाज माझ्या कानात पक्का आहे. आता कळलं की नव्हता. ती अशीच गात होती. मीच विसरलो."

"ऐका ना, आलात तर," म्हणून कंपाउंडर उठले. त्यांनी बटण दाबलं आणि येऊन खुर्चीत ताठ बसले. खोली भरून एक भारदस्त खोकला ऐकू आला. मग एका भरदार, खर नसलेल्या आवाजाने विचारलं, "चालू झालं का?"

कंपाउंडरांनी हात जोडले. उत्तर दिलं नाही.

एकही तानपुरा परत आला नाही, हे सांगताना चाचांना काय वाटलं असेल, ते शिष्याला त्या खुर्चीशेजारी उभं असताना समजलं. गाणं संपेपर्यंत तो उभाच राहिला.

वस्तू महाग घेऊन फसलेला माणूस एक दिवस सावरतो. पण ती वस्तू खरी ठरवण्यासाठी जो स्वतःला खोटं ठरवतो, त्याला काय परत करणार?