न झटकलेले कपडे

“…पण ते कपडे आता कुणाचे?”

फकिराने हे दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा अच्युत निरगुडकर वैतागले.

“कुणाचेच नाहीत, बाबा. लोकांनी दान केलेत. दान केलं की संबंध संपला.”

“असं?” फकीर म्हणाला.

निरगुडकर जुने कपडे गोळा करणारी संस्था चालवत. महापालिकेने त्यांना शहराबाहेर, फकिराच्या झोपडीपासून हाकेच्या अंतरावर, एक मोठी शेड दिली होती. धड कपडे गरजूंना जात. फाटके यंत्रात घालून पिंजले जात आणि त्यांची ब्लँकेटं होत. काम चांगलं होतं, आणि ते चांगलं आहे हे निरगुडकरांना जरा जास्तच ठाऊक होतं. साधू-फकिरांना ते भाषणातून नेहमी टपल्या मारत. पण अडला हरी… दुसरं काय.

शेडमध्ये कपडे निवडणाऱ्या बायका आठवडाभर आत पाऊल टाकायला तयार नव्हत्या. ढीग श्वास घेतो, म्हणत होत्या. सोमवारी महापालिकेचे लोक पाहणीला यायचे होते. काम बंद दिसलं की करार मोडणार आणि त्या बायकांच्या चुली थंड होणार, याची निरगुडकरांना मनापासून काळजी लागली होती. म्हणून ते दारावर बांधायला ताईत मागायला आले होते. आपला स्वतःचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, बायकांची समजूत पटावी म्हणून हवाय, हेही त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं.

“तू आत गेला होतास?” फकिराने विचारलं.

“गेलो होतो.”

“मग?”



निरगुडकर भर दुपारी गेले होते. ढीग सावकाश वर येत होता, सावकाश खाली बसत होता, गाढ झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा. पण त्यांना भीती वाटली ती निराळ्याच गोष्टीची. थोड्या वेळाने त्यांची स्वतःची छातीही त्या ढिगाच्या चालीने वरखाली होऊ लागली होती. हे त्यांनी घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं. आता मान खाली घालून फकिराला सांगितलं.

पूर्वी असं होत होतं का, असं फकिराने विचारलं. नव्हतं होत. मग मधल्या काळात काय बदललं? काहीच नाही, असं म्हणता म्हणता निरगुडकरांना आठवलं. त्या बायकांची एक खोड होती. यंत्रात टाकण्याआधी प्रत्येक कपडा दाराशी नेऊन झटकायच्या आणि त्याच्याशी बोलायच्या. ‘लई राबलीस गं बाई. सुटलीस आता, जा.’ लहान मुलाचं अंगडं-टोपडं असलं की बोलणं लांबायचं. त्यात सगळं काम रेंगाळायचं, म्हणून निरगुडकरांनी ते बंद केलं होतं.

“अडाणीपणा होता, बाबा. कपड्याला काय कान असतात?”

फकीर हसला नाही.

“अंगातला सदरा दे.”

“कशाला?”

“दान म्हणून.”

निरगुडकरांना हे आव्हान वाटलं, आणि आव्हानापुढे माघार घेणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांनी बटणं सोडली, सदरा काढला आणि फकिरासमोर जमिनीवर टाकला.

वारा नव्हता. कडुनिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

सदऱ्याची छाती हळूच फुगली.

मग खाली बसली… पुन्हा फुगली.

निरगुडकरांनी घाबरून श्वास घ्यायला तोंड उघडलं. आत काही गेलं नाही. त्यांनी स्वतःच्या उघड्या छातीवर हात ठेवला. ती हलत नव्हती.

ते सदऱ्यावर झेपावले आणि त्याची कॉलर धरून ओढू लागले. सदरा जागचा हलेना. भरल्या अंगाच्या माणसाएवढा जड झाला होता. त्याच्या दोन्ही बाह्या सावकाश वळल्या आणि छातीवर घट्ट मिटल्या.

निरगुडकरांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. उरलासुरला श्वास खर्चून ते फकिराकडे वळले.

“बाबा… तो… माझा आहे…”

फकिराने डोळे मिटून घेतले.

“मला कशाला सांगतोस? त्याला सांग.”