डावीकडची जागा

“सूनबाईंना मागे डावीकडे बसवू. पन्नास किलोही भरायच्या नाहीत. पाट्याला कळणारसुद्धा नाही.”

थोरले भाऊजी मामंजींना हळूच सांगत होते. मी पडवीत नारळ पिशवीत भरत होते, हे दोघांच्या ध्यानात नव्हतं.

लग्नाला बारा दिवस झाले होते. घाट उतरून कुलदैवताला जायचं होतं. जीप मामंजींच्या तरुणपणची. मागच्या डाव्या चाकावर गाडीचा भार पेलणारे लोखंडी पाटे असतात, त्यातला एक मोडला होता. भाऊजींनी त्याला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून गुंडाळल्या आणि वर बाभळीचा ठोकळा ठोकला. त्या जागेवर एरवी मामंजी बसतात, तंबाखूची पिंक टाकायला सोयीचं म्हणून. त्या दिवशी मात्र त्यांना पुढचा वारा हवासा वाटला.

घाटाच्या तोंडाशी दाऊद उस्तादांचं गॅरेज. कॉलेजच्या सुट्ट्यांत भाऊजी त्यांच्याच हाताखाली शिकलेले. शाबासकीसाठी गाडी थांबलीच.

उस्ताद वाकले. ठोकळा पाहिला. ट्यूबवर बोट दाबलं.

“कुणाचं काम?”

“आपलंच, उस्ताद. एकदम पक्कं. नव्या पाट्याची गरजच नाही.”

“चावी दे.”

भाऊजींनी दिली.

“मी चालवतो. तू मागं डावीकडं बस. घाट उतरून येऊ.”

भाऊजी हसले. मग हसायचे थांबले. ते ब्याण्णव किलोंचे आहेत.

“उस्ताद, माझं वजन...”

“पक्कं म्हणालास ना?”

भाऊजी स्वतःचे बूट न्याहाळू लागले. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या चिंचेकडे. शेवटी मामंजींनीच तोड काढली. म्हणाले, कशाला उगाच, तिथं आमची सूनबाई बसलीय की. गुणी पोर आहे, घरापासून इथवर चकार शब्द काढला नाही.

गुणी. माझे कान तापले. बारा दिवसांत चहात साखर किती घालू, हे मला कुणी विचारलं नव्हतं. वजन मात्र बिनचूक ठाऊक होतं.

उस्तादांनी चावी बॉनेटवर ठेवली आणि माझ्याकडे वळले.

“पोरी, ह्यानं काय दुरुस्त केलं?”

मी नारळाची पिशवी उचलली आणि खाली उतरले. आवाज जरा मोठाच निघाला.

“काही नाही, उस्ताद. पाटा तोच ठेवला. वर बसणारं माणूस बदललं.”